लहान तळं, मुलंबाळं आणि कयाक: काठाकाठाने करायच्या सहलीची सविस्तर तयारी

मुलांना घेऊन कयाकिंग (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने अरुंद, हलकी होडी चालवणं) करायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठा, नावाजलेला जलाशय येतो. माझा आग्रह बरोबर उलटा आहे. जवळचं, लहान, शांत तळं शोधा, आणि हात बसल्यावरही पुन्हा पुन्हा तिथेच जा. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांबवर मिळतं, तितक्या लाटा वाढत जातात. 4-5 किलोमीटर लांबीच्या जलाशयावर जो वारा होडी हेलकावून सोडतो, तोच 300 मीटर रुंदीच्या तळ्यावर नुसती शिरशिरी उठवतो. शिवाय लहान तळ्यावर कुठेही असलात तरी काठ जवळ असतो. आणि बघण्यासारखं जे काही असतं, ते काठालाच असतं: लव्हाळ्यात दडलेली घरटी, पाण्यावर वाकलेल्या फांद्या, उन्हाला बसलेली कासवं, चतुरांची लगबग. तळ्याच्या मधोमध पाण्याशिवाय काही नसतं.

म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना एका नियमाभोवती फिरतात: काठाकाठाने चला. पाण्यात पडलेल्या मुलाला धरून तुम्ही स्वतः पोहत काठावर आणू शकाल, त्याहून लांब जायचं नाही. हे अंतर प्रत्येकाचं वेगळं असेल. घरातल्या सगळ्यात कच्च्या पोहणाऱ्या मोठ्या माणसावरून ते ठरवा.

तळं आधी पायी बघा

उपग्रहाच्या नकाशावर तळ्याची लांबी-रुंदी, आसपासची झाडी आणि गाडी कुठवर जाते, एवढं कळतं. बाकीचं कळायला तिथे जावं लागतं, आणि ते होडी न घेता गेलेलं बरं. होडी सोबत असली की उतरायचा मोह होतो आणि बघायचं राहून जातं.

पहिल्यांदा बघायची ती पाण्यात उतरायची जागा. उतार मंद हवा आणि तळ घट्ट हवा. लांब काठी घेऊन पाण्यात टोचून बघा. ती सहज वीतभर गाळात रुतत असेल तर ती जागा सोडा, कारण तिथे मुलाचा बूट चिखलातच राहतो आणि मूल घाबरतं. गुडघाभर पाणी निदान 4-5 मीटर आतपर्यंत असेल तर उत्तम, सगळा सराव तिथे करता येतो. मग तळ्याभोवती जमेल तेवढी चक्कर मारा आणि बाहेर पडता येईल अशा आणखी एक-दोन जागा हेरून ठेवा. वारा सुटला किंवा मूल रडायला लागलं, तर जिथून निघालो तिथेच परतलं पाहिजे असं काही नाही. जवळच्या जागी उतरायचं आणि होडी ओढत आणायची.

बरीचशी लहान तळी म्हणजे ओढ्यावर बांध घालून अडवलेलं पाणी असतं. अशा ठिकाणी सांडवा कुठे आहे आणि पाणी सोडण्याचं दार कुठे आहे, हे शोधल्याशिवाय उतरू नका. होडीत बसल्यावर नजर पाण्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे सांडव्याची कड दिसतच नाही. पाणी सपाट पुढे गेल्यासारखं वाटतं. दाराजवळची ओढ तर वरून अजिबात कळत नाही. बांधाची बाजू सहलीच्या नकाशातून सरळ वगळून टाका. दगडाच्या जुन्या खाणीत साठलेलं पाणीही टाळा. ते निळंशार आणि शांत दिसतं, पण कडा उभ्या असतात, चढून यायला जागा नसते आणि थोड्या खोलीवरच पाणी एकदम गार होतं.

पाण्याचा रंगही बघा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, किंवा वाऱ्याने ढकललेला हिरवा-निळसर थर एका काठाला साचलेला दिसला, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीवाणू असू शकतात. त्यांच्यातल्या काही जाती विषारी द्रव्यं तयार करतात. पोटात पाणी गेलं तर उलट्या-जुलाब होतात, अंगाला लागलं तर पुरळ उठतं, आणि कुत्र्यांना तर ते जिवावर बेततं. डोळ्यांनी विषारी आणि बिनविषारी यांतला फरक करता येत नाही. साय दिसली की त्या दिवशी उतरायचं नाही, एवढं सोपं ठेवा. उष्ण, वारा नसलेल्या दिवसांत ही साय वाढते, म्हणून मागच्या महिन्यात स्वच्छ असलेलं तळंही पुन्हा बघावं लागतं.

मासेमारीची जाळी कुठे लावतात, मोटरबोटी येतात का, हे तिथल्या माणसांना विचारा. तळं कोणाच्या ताब्यात आहे आणि होडी घालायला परवानगी लागते का, तेही आधीच विचारून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावर बऱ्याचदा मनाई असते.

वाऱ्याची वेळ

कयाकवर मुलांचे हाल होतात ते बहुतेक वेळा वाऱ्यामुळे. ऊन चढायला लागलं की जमीन तापते, हवेची उलथापालथ सुरू होते आणि दुपारकडे वारा वाढतो. सकाळी लवकर पाणी सपाट असतं. उजाडल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास मुलांसाठी ठेवा. संध्याकाळी वारा पडतो हे खरं, पण अंधार पडायच्या आत परतायची घाई असते. पहिल्या काही सहलींना ती घाई नको.

वारा मोजायला यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस बोफर्ट यांनी 1805 मध्ये वाऱ्याच्या जोराची श्रेणी तयार केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. त्या मुलांनाही शिकवता येतात. चेहऱ्यावर वारा जाणवतो आणि पानं सळसळतात, तेव्हा तो ताशी 6 ते 11 किलोमीटर असतो. मुलांसाठी इथवर ठीक. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या की 12 ते 19. या वाऱ्यात नवखं कुटुंब थकतं, म्हणून काठालगतच राहा किंवा नुसतं उथळ पाण्यात खेळा. धूळ आणि कागद उडायला लागले म्हणजे 20 च्या वर. होडी गाडीवरून खाली काढूच नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून ‘थोडासाच वाढलाय’ यावर विसंबू नका.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी घ्या. दमलेल्या मुलांना परतीला वाऱ्याची मदत मिळते. उलट केलं तर जाताना सगळे खूश असतात आणि परत येताना होडी जागची हलत नाही.

काठावरून आत वाहणारा वारा जास्त फसवा. त्या काठाशी झाडांच्या आडोशाने पाणी अगदी शांत दिसतं, पण 50 मीटर आत गेलात की आडोसा संपतो आणि वारा तुम्हाला तळ्याच्या मध्याकडे ढकलतो. हवा भरून फुगवायच्या होड्या हलक्या असतात आणि पाण्यावर उंच तरंगतात. त्या सगळ्यात आधी वाहून जातात. असा वारा असेल तर अशी होडी काढू नका.

मेघगर्जना ऐकू आली की बाहेर. वीज किती लांब आहे याचा हिशेब करत पाण्यावर बसायचं नाही. गर्जना ऐकू येते तेव्हा वादळ वीज पोचेल इतक्या अंतरावर आलेलंच असतं. एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत बसा. शेवटची गर्जना ऐकल्यावर 30 मिनिटं होईपर्यंत परत उतरू नका.

होडी कोणती

पहिल्या सहलीला विकत घेऊ नका. भाड्याने किंवा ओळखीच्यांकडून मागून आणा आणि दोन-तीन प्रकार वापरून बघा.

मुलांसाठी माझी पहिली पसंती वर बसायच्या कयाकला, म्हणजे सिट-ऑन-टॉपला. तिला आत शिरायची पोकळी नसते. उलटली तर माणूस सरळ पाण्यात पडतो, आत अडकत नाही. तळाला आरपार भोकं असतात, त्यांतून पाणी आपोआप निथळतं. उलटलेली सरळ करून पुन्हा चढता येतं. रुंद असल्याने ती सावकाश जाते, पण आपल्याला कुठे शर्यत लावायची आहे?

आत बसायची कयाक कोरडी आणि उबदार असते, पण उलटली की तिच्यात पाणी भरतं आणि ते खोल पाण्यात उपसणं नवख्यांना जमत नाही. मुलं मोठी होऊन सराव झाल्यावर तिच्याकडे वळा.

दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं असतील तर 16-17 फुटी कॅनूसारखं, म्हणजे वरून उघड्या, लांबट होडीसारखं दुसरं काही नाही. सगळे एकाच होडीत बसतात, सामान मावतं, मूल मध्ये तळाशी फोमच्या तुकड्यावर बसून पाण्यात हात घालू शकतं. तिचा तोटा वाऱ्याचा: कडा उंच असल्याने वारा तिला फिरवतो. उभ्याने वल्हवायचा पॅडलबोर्ड मुलांना फार आवडतो. त्याचा उपयोग काठाशी, कंबरभर पाण्यात पडायला आणि चढायला उत्तम होतो. सहलीचं मुख्य वाहन म्हणून मी तो धरत नाही. शांत तळ्यावर बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेली असावी, म्हणजे पडल्यावर बोर्ड निसटत नाही.

प्रत्येक होडीवर ती किती वजन पेलते हे लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. माणसं, पाणी, खाऊ, कुत्रं सगळं धरून त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबलात तर होडी नीट वागते. जड माणूस मागे बसतो आणि दिशा सांभाळतो, मूल पुढे बसतं. दोघांच्या कयाकमध्ये मागच्याने पुढच्याच्या लयीशी जुळवून घ्यायचं असतं, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही. मूल वाटेल तसं वल्हवत असेल तर वल्ही एकमेकांवर आपटणारच. चिडू नका, तेवढा वेळ तुमचं वल्हं मांडीवर ठेवा.

लहान मुलाला मोठं वल्हं देणं ही सहल बिघडवायची खात्रीची रीत आहे. मोठ्यांना साधारण 220 ते 240 सेंटिमीटरचं कयाकचं वल्हं लागतं. शाळकरी मुलांना 180 ते 200 सेंटिमीटरचं, बारीक दांड्याचं. मुलाची बोटं दांड्याभोवती पूर्ण वळली पाहिजेत.

लाइफ जॅकेट

इथे घाई करू नका. बाकी सगळ्या वस्तूंत तडजोड चालेल, हिच्यात नाही.

जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं असतं, वयाप्रमाणे नाही. आतल्या पट्टीवर किलोची मर्यादा छापलेली असते. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं, मुलाचं तोंड आत जातं आणि जॅकेट एकटं तरंगत राहतं. त्याच पट्टीवर 50, 100 किंवा 150 असा आकडा असतो. तो तरंगण्याच्या बळाचा वर्ग असतो, न्यूटनमध्ये. 50 चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आहे. ते बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. पोहता न येणाऱ्या मुलाला निदान 100 चं, मानेमागे कॉलर असलेलं घ्या. त्याची रचनाच चेहरा पाण्याबाहेर राहावा म्हणून केलेली असते. फुगवायची जॅकेट मुलांसाठी नकोत. फोमचं जॅकेट काहीही न करता काम करतं. दंडात घालायचे फुगे आणि कमरेची ट्यूब ही खेळणी आहेत.

मापाची परीक्षा अशी घ्या. सगळे बंद लावा, चेन ओढा, दोन पायांमधून येणारा पट्टा बांधा. मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्यांच्या ठिकाणी धरून वर ओढा. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेलं तर सैल आहे किंवा मोठं आहे. मग उथळ पाण्यात नेऊन मुलाला त्यात तरंगू द्या. पहिल्यांदा जॅकेट घातलेलं मूल पाय खाली सोडून उभं राहायला धडपडतं. त्याला मागे रेलून गुडघे पोटाशी घ्यायला शिकवा. पाच मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो, आणि जॅकेट आपल्याला धरून ठेवतं हे त्याला शरीराने कळतं. सांगून ते कळत नाही.

जॅकेट पाण्याजवळ पोचल्यावर चढतं आणि पाण्यापासून दूर गेल्यावरच उतरतं. हा नियम मोठ्यांनाही लागू. आईबाबांचं जॅकेट होडीत पायाशी पडलेलं दिसलं की मुलं आपलं काढायला लागतात. आणि उघड्या जॅकेटने पाण्यात पडलेले आईबाबा मुलाला वाचवायच्या स्थितीत नसतात. मुलाला होडीला बांधून ठेवू नका, कोणत्याही कारणाने.

तान्ह्या बाळांना नेऊ नका. बाळाचं वजन 8 किलोच्या वर गेलेलं नसेल आणि डोकं सावरता येत नसेल, तर त्याला नीट बसणारं जॅकेट मिळत नाही.

कपडे आणि पिशवी

कपडे भडक रंगाचे, भिजल्यावर लवकर वाळणारे घाला. भिजलेली जीन्स मुलाला पाण्यात जड करते. पायात मागे पट्टा असलेले किंवा घट्ट बसणारे बूट हवेत, चपला चिखलात राहतात. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन खालून लागतं, म्हणून सनस्क्रीन नाकाखाली, हनुवटीच्या आत आणि कानांच्या मागेही लावा आणि दोन तासांनी पुन्हा लावा.

एका ड्राय बॅगेत (तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत) प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड, टॉवेल, प्रथमोपचाराची पेटी आणि एक जास्तीचं गरम जॅकेट ठेवा. तोंड निदान तीन वेळा गुंडाळून मगच बकल लावा, नाहीतर ती ड्राय राहत नाही. फोन जलरोधक पाकिटात घालून मोठ्या माणसाच्या अंगावर. होडीच्या खणात ठेवलेला फोन होडीबरोबर जातो. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी, आणि तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी, हे सगळ्यांना पाठ. 8-10 मीटर दोरी, पाणी उपसायला तळ कापलेली बाटली किंवा मोठा स्पंज, पिण्याचं पाणी आणि भरपूर खाऊ. खाऊच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. भुकेलेल्या मुलाला निसर्ग दिसत नाही.

निघण्यापूर्वी घरच्या किंवा शेजारच्या एकाला सांगा: कुठल्या तळ्यावर, कोण कोण, किती वाजेपर्यंत परत, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

काठावरचा अर्धा तास

पोचल्यावर लगेच होडीत बसू नका. जमिनीवर सगळे गोल उभे राहा आणि वल्हं हातात घ्या. ते डोक्यावर आडवं धरायचं. दोन्ही कोपर काटकोनात आले की हातांमधलं अंतर बरोबर. वल्ह्याचं पातं उभं असताना बोटांची पेरं पात्याच्या वरच्या कडेच्या रेषेत यायला हवीत. पातं पाण्यात पावलांजवळ घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. कमरेच्या मागे ओढत नेलं तर होडी पुढे जाण्याऐवजी वळते. जोर दंडाचा नाही, धड फिरवून लावायचा. मुलांना सांगायचं असेल तर सांगा: छातीवरचं चित्र आधी या बाजूला दाखवा, मग त्या बाजूला.

वळायला दूरवर अर्धवर्तुळ काढायचं: पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, होडीपासून लांब. उजवीकडून काढलं की होडी डावीकडे वळते. थांबायला दोन्ही बाजूंना आळीपाळीने उलटं वल्हवायचं. पहिल्या दिवशी एवढे तीन प्रकार पुरेत.

आणि मग पडण्याचा सराव. हा सोडू नका. कंबरभर पाण्यात एक मोठा माणूस उभा राहील, मूल होडीत बसेल, आणि सगळे मिळून होडी उलटवतील. पहिल्यांदा मोठ्यांनी पडून दाखवायचं. ज्या मुलाने आपल्या मर्जीने तीन-चार वेळा पडून बघितलं आहे, ते नंतर अचानक पडल्यावर किंचाळत नाही, होडीला हात घालतं. मुलाची तयारी नसेल तर त्याला ढकलू नका. त्याने नुसतं बघितलं तरी चालेल.

बसणं आणि उतरणं

होड्या सगळ्यात जास्त वेळा उलटतात त्या इथेच. होडी पाण्यात काठाला समांतर, पूर्ण तरंगेल अशी ठेवा. एक टोक जमिनीवर आणि एक टोक पाण्यात अशी ठेवून माणूस चढला की ती दोन टोकांवर टेकते आणि जराशा हालचालीने कलंडते. मोठा माणूस घोटाभर पाण्यात उभा राहून होडी धरतो. चढणाऱ्याने दोन्ही हात दोन कडांवर ठेवायचे, आधी बूड जागेवर टेकवायचं आणि मग पाय आत घ्यायचे. उभं राहून पाऊल टाकायचं नाही. कॅनूत मात्र पाऊल बरोबर मधल्या रेषेवर टाकून, वाकून, हात कडांवर सरकवत पुढे जायचं.

मोठा माणूस आधी बसतो की मूल? होडी धरायला तिसरं कोणी असेल तर मोठा आधी. मुलाला एकट्याला तरंगत्या होडीत ठेवून काठावरून पिशवी आणायला जायचं नाही, दहा पावलंसुद्धा नाही.

पाण्यावर

पहिली सहल तासाभराची. त्यातला पाण्यावरचा वेळ पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी 20 ते 30 मिनिटं पुरे. मुलं रमलेली असतानाच बाहेर या, कंटाळण्याची वाट बघू नका. मुलांसह तुम्ही ताशी 2-3 किलोमीटरच्या पुढे जाणार नाही, त्यातही थांबे असतील, म्हणून अंतर ठरवू नका. वेळ ठरवा आणि अर्धा संपायच्या आधीच मागे फिरा.

न वल्हवणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, हे प्रमाण मोडू नका. दोन होड्या असतील तर हाक ऐकू येईल इतक्या जवळ ठेवा, सगळ्यात सावकाश होडी पुढे. मागे राहणाऱ्याला सगळे पुढे गेल्याचं दडपण येतं आणि तो धडपडतो.

काठापासून 5-10 मीटरवरून चाललात की करायला हजार गोष्टी मिळतात. पाणी स्वच्छ असेल तर मुलाला होडीच्या कडेवर हनुवटी टेकवून खाली बघू द्या. सुरुवातीला त्याला फक्त आभाळाचं प्रतिबिंब दिसेल. हाताने डोळ्यांवर सावली धरली की पाणवनस्पतींचे दांडे, शिंपल्यांनी गाळात ओढलेल्या रेषा आणि माशांची पिल्लं दिसायला लागतात. वल्हं उचलून धरायचं आणि पात्यावरून किती थेंब पडतात ते मोजायचं. दहा मिनिटं कोणीच बोलायचं नाही आणि किती आवाज ऐकू येतात ते बघायचं. लहान मुलं हे मनापासून करतात. मोठ्यांनाच अवघड जातं.

पक्ष्यांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. पक्षी जे करत होता ते थांबवून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला, की तुम्ही हवं त्याहून जवळ आलात. तिथेच थांबा, हळूच मागे या. टिबुकलीसारखे पक्षी पाण्यावर तरंगतं घरटं बांधतात. होडीच्या लाटेनेही ते हलतं, आणि पक्षी घाबरून घाईने निघून गेला की अंडी उघडी पडू शकतात. विणीच्या काळात लव्हाळ्यात आणि कमळांच्या दाटीत होडी घुसवू नका, बाहेरून बघा. दुर्बीण एकच असली तरी चालेल, पण असावी.

उलटली तर

पहिलं काम माणसं मोजणं. होडी नाही, वल्हं नाही, फोन नाही. नावं घेऊन हाका मारा, प्रत्येकाने ‘आहे’ म्हणायचं. कोणी ओ दिली नाही तर उलट्या होडीच्या खाली हात घालून बघा. बुडणारं माणूस हात हलवून ओरडतं, हा समज चुकीचा आहे. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, हात बाजूला पाणी दाबत, आणि आवाज नाही, असं ते दिसतं. पूर्ण खाली जायला 20 ते 60 सेकंदच लागतात. मूल गप्प झालं की वळून बघा.

मग सगळ्यांनी होडीला धरायचं. होडी तरंगते आणि लांबून दिसते. काठ अगदी जवळ असेल तर होडी धरूनच पाय मारत काठाला लागा. पुन्हा चढायच्या खटाटोपापेक्षा ते बरं. चढायचंच असेल तर सिट-ऑन-टॉप आधी सरळ करा: एका बाजूने पोट टेकवून पलीकडची कड धरायची आणि मागे झुकायचं. एक मोठा माणूस समोरच्या बाजूने कड दाबून धरेल. चढणाऱ्याचा क्रम पोट, बूड, पाय असा: जोरात पाय मारून पोटावर आडवं व्हायचं, उलटं वळून बूड टेकवायचं, मग पाय आत. आधी मुलं, जॅकेटचे खांदे धरून उचलायची.

पाणी गार असेल तर हिशेब बदलतो. 15 अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात पडल्याबरोबर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि धाप लागते. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्त यांनी यासाठी 1-10-1 हे सूत्र दिलं आहे: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय उपयोगी पडतात ती 10 मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध जायला साधारण 1 तास. हे मोठ्यांचं आहे. मुलांचं शरीर त्याहून लवकर गारठतं. म्हणून हवेवरून कपडे ठरवू नका, पाण्यात हात घालून ठरवा. बाहेर कोवळं ऊन असलं तरी पाणी थंडीच्या दिवसांतलंच असू शकतं. अशा पाण्यावर वेटसूट (पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा घट्ट रबरी पोशाख) नसेल तर मुलांना नेऊ नका. आणि एरवीही ओठ निळसर दिसले, मूल कुडकुडायला लागलं, की सहल तिथेच संपली. ओले कपडे काढा, पुसा, कोरडे घाला, डोकं झाका, गोड गरम काही प्यायला द्या.

बाहेर आल्यावर

होडी गाडीवर चढवायच्या आधी तळ्याच्या काठीच उलटी करा, सगळं पाणी तिथेच सांडू द्या. तळाला, वल्ह्याला, बुटांच्या पट्ट्यांना चिकटलेले पाणवनस्पतींचे तुकडे काढून तिथेच कोरड्या जागी टाका. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी कितीतरी देशांची तळी व्यापून बसली आहे. तिचा लहानसा फुटवा नव्या पाण्यात पडला तरी तो वाढू लागतो. झेब्रा शिंपल्याची पिल्लं तर डोळ्यांना दिसतही नाहीत, होडीत उरलेल्या पाण्यातून प्रवास करतात. दुसऱ्या तळ्यावर जायचं असेल तर होडी आणि सामान निदान 5 दिवस पूर्ण वाळू द्या. हे काम मुलांकडे सोपवा. अडकलेला एखादा दांडा किंवा चिकटलेली गोगलगाय त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

घरी आल्यावर लाइफ जॅकेट साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा. उन्हाने कापड आणि शिवण कमजोर होते, आणि ओलं गुंडाळून ठेवलं तर आत बुरशी धरते. जॅकेटवर बसू देऊ नका, फोम दबला की तरंगण्याचं बळ कमी होतं. फुगवायची होडी वाळल्याशिवाय घडी घालू नका. आणि पुढच्या वेळी निघण्याआधी प्रत्येक जॅकेटचे बकल ओढून बघा, मुलाचं वजन करा, पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा. मधल्या काही महिन्यांत ते बहुधा वाढलेलं असतं.